चिंतामणराव देशमुख : दुसऱ्यांच्या पैशाचा हिशेब मागणारा अर्थमंत्री

१९५६ सालच्या जानेवारी महिन्यातील चार दिवसांत देशात तीन महत्त्वाच्या घटना घडल्या. १६ जानेवारी रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी मुंबई शहर केंद्राच्या अखत्यारीत ठेवण्याचा निर्णय आकाशवाणीवरून जाहीर केला. १८ जानेवारी रोजी संसदेने मंजूर केलेल्या कंपनी विधेयकाला राष्ट्रपतींची संमती मिळाली. १९ जानेवारी रोजी वटहुकूम काढून आयुर्विम्याचा व्यवसाय सरकारने आपल्या ताब्यात घेतला आणि त्याची घोषणाही आकाशवाणीवरूनच झाली. यांपैकी शेवटच्या दोन घटनांचे सूत्रधार होते तत्कालीन अर्थमंत्री चिंतामण द्वारकानाथ देशमुख. पहिल्या घटनेने मात्र त्यांना अवघ्या सहा महिन्यांत मंत्रिपद सोडायला लावले.

रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि महाराष्ट्रासाठी केंद्रीय मंत्रिपदाचा त्याग करणारा नेता ही देशमुखांची ओळख सर्वश्रुत आहे. सुमारे ५७ वर्षे देशातील लहानमोठ्या कंपन्यांचा कारभार ज्या कायद्याखाली चालला, तो १९५६ चा कंपनी कायदा त्यांच्याच कारकिर्दीत साकारला, याचे स्मरण मात्र क्वचितच केले जाते. वास्तविक त्यांच्या आयुष्यातील अनेक निर्णयांमागील सूत्र या कायद्यातून जितके स्पष्ट होते, तितके अन्य कशातूनही होत नाही. दुसऱ्यांचा पैसा हाताळणाऱ्याने ठरलेल्या रीतीने निर्णय घ्यावेत, त्यांची नोंद ठेवावी आणि वेळच्या वेळी हिशेब द्यावा, हे ते सूत्र होय.

रायगडाच्या परिसरातील बालपण

देशमुखांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातील महाडजवळच्या नाते या गावी झाला. हे गाव रायगड किल्ल्यापासून जवळ आहे. त्यांचे वडील द्वारकानाथ देशमुख वकिली करीत असत. चिंतामणरावांचे बालपण रोह्याच्या परिसरात गेले. १९१२ साली ते मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत सर्वप्रथम आले आणि संस्कृतसाठी असलेली जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी पटकावली. या यशाने भारावून जाऊन राम गणेश गडकरी यांनी त्यांच्या गौरवार्थ कविता रचली होती.

मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून ते इंग्लंडला गेले आणि केंब्रिजच्या जीझस महाविद्यालयात त्यांनी निसर्गविज्ञानाचा अभ्यास केला. १९१७ साली वनस्पतिशास्त्रातील प्रावीण्याबद्दल त्यांना पारितोषिक मिळाले. पुढील वर्षी ते भारतीय सनदी सेवेच्या परीक्षेत पहिले आले. संस्कृत काव्य आणि वनस्पतिशास्त्र ही त्यांची आवड आयुष्यभर टिकली. कालिदासाच्या मेघदूताचा त्यांनी केलेला मराठी अनुवाद प्रसिद्ध आहे.

सनदी सेवेत त्यांची नेमणूक मध्य प्रांत व वऱ्हाडात झाली. तेथे त्यांनी महसूल आणि वित्त या दोन्ही खात्यांत काम केले. रायपूर भागात जमाबंदी अधिकारी म्हणून काम करताना जमिनीची मोजणी, हक्कनोंद आणि साऱ्याची आकारणी यांचा बारकाईने अभ्यास करावा लागे. कोणाचा कशावर किती हक्क आहे, हे कागदावर स्पष्ट नसले की दुबळ्याचे नुकसान होते, हा जमाबंदीच्या कामाचा पहिला धडा असतो. १९३१ साली लंडनमध्ये भरलेल्या दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या सचिवालयातही त्यांनी काम पाहिले.

मध्यवर्ती मंडळाचे सचिव

जुलै १९३९ मध्ये देशमुख रिझर्व्ह बँकेत आले. काही महिन्यांतच बँकेच्या मध्यवर्ती संचालक मंडळाचे सचिव म्हणून त्यांची नियुक्ती झाली. १९३५ साली सुरू झालेली रिझर्व्ह बँक त्या काळी भागधारकांच्या मालकीची होती. तिचे भांडवल ५ कोटी रुपयांचे होते. ती स्वतंत्र कायद्याने स्थापन झाली असली, तरी संचालक मंडळाच्या बैठका, विषयपत्रिका, इतिवृत्त आणि भागधारकांची वार्षिक सभा हा सारा व्यवहार एखाद्या मोठ्या कंपनीप्रमाणेच चाले. पुढे देशाचा कंपनी कायदा मांडणाऱ्या या मंत्र्याने संचालक मंडळाच्या सचिवाचे काम अशा रीतीने स्वतः केलेले होते.

१९४१ च्या अखेरीस ते डेप्युटी गव्हर्नर झाले आणि ११ ऑगस्ट १९४३ रोजी त्यांनी गव्हर्नरपदाची सूत्रे स्वीकारली. या पदावर येणारे ते पहिलेच भारतीय होत. युद्धकाळातील महागाई, ब्रिटनकडे साठलेली भारताची स्टर्लिंग शिल्लक, १९४४ ची ब्रेटन वुड्स परिषद आणि फाळणीनंतर बँकेच्या मालमत्तेची दोन देशांत झालेली विभागणी, हे सर्व प्रश्न त्यांच्या कारकिर्दीत आले. १ जानेवारी १९४९ रोजी रिझर्व्ह बँकेचे राष्ट्रीयीकरण झाले तेव्हाही तेच गव्हर्नर होते.

कंपनी कायद्याच्या दृष्टीने या काळातील आणखी एक घडामोड महत्त्वाची ठरते. तोवर देशातील खासगी बँका १९१३ च्या कंपनी कायद्याखालीच नोंदल्या जात. भांडवल अपुरे, संचालकांनाच दिलेली कर्जे मोठी आणि ठेवीदार मात्र अंधारात, अशी अनेक बँकांची स्थिती होती. १९३८ साली दक्षिणेतील त्रावणकोर नॅशनल अँड क्विलॉन ही मोठी बँक बुडाली, तेव्हा या दोषांचे गांभीर्य सर्वांना जाणवले. अखेर मार्च १९४९ मध्ये बँकिंग कंपन्यांसाठी स्वतंत्र कायदा अंमलात आला आणि बँकांची तपासणी करण्याचे व्यापक अधिकार रिझर्व्ह बँकेला मिळाले. केवळ नोंदणी झाली म्हणजे संस्था विश्वासार्ह ठरत नाही, हा धडा घेऊनच देशमुख दिल्लीला गेले.

मॅनेजिंग एजन्सीचा पेच

जून १९५० मध्ये जॉन मथाई यांच्यानंतर देशमुख केंद्रीय अर्थमंत्री झाले. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. त्यांच्यासमोर पहिल्या पंचवार्षिक योजनेसाठी पैसा उभा करण्याचे काम होते. या योजनेत खासगी उद्योगांनाही मोठे स्थान होते. सामान्य माणसाने आपली बचत कंपन्यांच्या भागांत गुंतवावी, अशी अपेक्षा असेल, तर त्या कंपन्यांचा कारभार विश्वास ठेवण्याजोगा असणे आवश्यक होते. तो तसा नव्हता, याचे मुख्य कारण म्हणजे मॅनेजिंग एजन्सीची पद्धत.

या पद्धतीत कंपनीचे भागधारक अनेक असत, संचालक मंडळही असे. परंतु प्रत्यक्ष कारभार कराराने एखाद्या पेढीकडे सोपविलेला असे. प्रारंभी ही पद्धत उपयुक्त ठरली होती. भांडवल बाजार बाल्यावस्थेत असताना नामांकित पेढीच्या शब्दावर लोक पैसे गुंतवीत. कोलकात्यातील ब्रिटिश पेढ्यांनी ताग, चहा आणि कोळसा या उद्योगांतील कंपन्या अशाच चालविल्या. टाटांच्या पोलाद कंपनीचा कारभारही टाटा सन्स या पेढीकडे होता. तथापि, कालांतराने या पद्धतीचे दोष बळावले. एजंट पेढी नफ्यावर कमिशन घेई, काही ठिकाणी विक्रीवर किंवा उत्पादनावरही घेई आणि कार्यालयीन भत्ता वेगळा लावी. त्यामुळे कंपनी तोट्यात असली तरी एजंटाचे उत्पन्न चालू राही. एका कंपनीचा पैसा दुसऱ्या कंपनीकडे वळविला जाई. एजन्सीचे हक्क वारसाने मुलांकडे जात, इतकेच नव्हे तर ते विकलेही जात. १९३६ च्या दुरुस्तीने एजन्सीची मुदत २० वर्षांवर आणली होती, पण त्याने मूळ दुखणे बरे झाले नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात झालेल्या नफ्यातून अनेकांच्या हाती मोठा पैसा आला आणि कंपन्यांवरील नियंत्रणाचीच खरेदी-विक्री सुरू झाली. तिला आळा घालण्यासाठी जुलै १९५१ मध्ये सरकारने वटहुकूम काढला. एजन्सीचे हस्तांतर करण्यासाठी सरकारची पूर्वसंमती त्यामुळे बंधनकारक झाली. पुढे त्याचे कायद्यात रूपांतर झाले. ही तात्पुरती मलमपट्टी होती.

दरम्यान, ऑक्टोबर १९५० मध्ये माजी वाणिज्यमंत्री कुवरजी होरमसजी भाभा यांच्या अध्यक्षतेखाली कंपनी कायदा समिती नेमण्यात आली होती. समितीने १९५२ साली अहवाल सादर केला. ब्रिटनमध्ये १९४८ साली झालेल्या नव्या कंपनी कायद्याचा तिने सविस्तर विचार केला होता. मॅनेजिंग एजन्सी ताबडतोब रद्द करावी, असे समितीचे मत नव्हते. तिला कडक शिस्त लावावी, असे होते. देशमुखांनीही हाच मध्यममार्ग पत्करला. सप्टेंबर १९५३ मध्ये विधेयक लोकसभेत मांडले गेले. ते संसदेच्या संयुक्त समितीकडे गेले आणि तेथे त्यातील तरतुदी आणखी कडक झाल्या. ही पद्धत समूळ नष्ट करावी, अशी मागणी एका बाजूने होत होती, तर कंपन्यांच्या दैनंदिन कारभारात सरकार अवाजवी हस्तक्षेप करीत असल्याची तक्रार उद्योगपतींकडून होत होती. कलमागून कलम चर्चिले जात असताना दोन्ही बाजूंना उत्तरे देण्याची जबाबदारी अर्थमंत्र्यांवर होती.

कायद्याने काय बदलले

१ एप्रिल १९५६ पासून हा कायदा लागू झाला. त्यात ६५८ कलमे होती. कंपनीच्या जन्मापासून विसर्जनापर्यंतचा सर्व प्रवास त्यात बांधलेला होता. खासगी कंपनीसाठी किमान २ आणि सार्वजनिक कंपनीसाठी किमान ७ सदस्य आवश्यक ठरले. कंपनीचे नाव, उद्दिष्टे आणि भांडवल सांगणारे घटनापत्रक आणि अंतर्गत कारभाराचे नियम सांगणारी नियमावली कंपनी निबंधकाकडे सादर करावी लागे. निबंधकाने स्थापनेचा दाखला दिला की कंपनीला कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र व्यक्तित्व प्राप्त होई. ती आपल्या नावाने मालमत्ता धारण करू शके, दावा लावू शके, आणि तिच्या कर्जासाठी भागधारकाची घरची भांडी जप्त होत नसत. मर्यादित दायित्वाची ही सवलत फार मोठी आहे. तिच्या बदल्यात कंपनीने आपला कारभार उघडा ठेवावा, हा या कायद्याचा गाभा होता.

त्यासाठी ताळेबंदाचा नमुना कायद्यानेच ठरवून दिला. वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना २१ दिवस आधी देणे बंधनकारक झाले. लेखापरीक्षकाची नेमणूक भागधारकांच्या हाती राहिली. एका व्यक्तीला २० पेक्षा अधिक कंपन्यांचे संचालक राहता येणार नाही आणि सार्वजनिक कंपनीतील व्यवस्थापकीय मोबदल्याची एकूण मर्यादा निव्वळ नफ्याच्या ११ टक्के राहील, असे ठरले. बहुसंख्य भागधारकांकडून अन्याय होत असल्यास अल्पसंख्य भागधारकांना न्यायालयात दाद मागता येऊ लागली. १५ ऑगस्ट १९६० नंतर कोणत्याही मॅनेजिंग एजंटाला १० पेक्षा अधिक कंपन्या सांभाळता येणार नाहीत, अशीही तरतूद होती. या सर्वांची अंमलबजावणी करण्यासाठी अर्थ मंत्रालयात कंपनी कायदा प्रशासनाचा स्वतंत्र विभाग १९५५ सालीच सुरू झाला होता. आजच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाचा पूर्वज तो हाच.

याच कायद्यात सचिव व कोषाध्यक्ष या नावाची एक नवी व्यवस्था होती. मॅनेजिंग एजंटाऐवजी एखाद्या पेढीकडे कारभार सोपविण्याची मुभा तीत होती. मात्र त्या पेढीला संचालक नेमण्याचा अधिकार नव्हता आणि तिचा मोबदला नफ्याच्या साडेसात टक्क्यांपुरता मर्यादित होता. बाहेरच्या पेढीकडून काम करून घ्यावे, परंतु मालकी हक्काचा तिला स्पर्शही होऊ नये, असा हा प्रयत्न होता.

कायद्यावर टीकाही झाली आणि ती निराधार नव्हती. कलमे किचकट होती, परवानग्या पुष्कळ होत्या. लहान कंपन्यांना वकील आणि हिशेबनीस यांच्याशिवाय पाऊल टाकणे अवघड झाले. अंमलात आल्यानंतर वर्षभरातच त्याच्या फेरविचारासाठी समिती नेमावी लागली आणि १९६० साली मोठी दुरुस्ती करावी लागली. सनदी सेवेत घडलेल्या देशमुखांचा प्रामाणिक आणि कार्यक्षम प्रशासनावर मोठा विश्वास होता. प्रत्येक परवानगीच्या टेबलावर तसाच अधिकारी बसलेला असेल, हे गृहीतक मात्र पुढील काळात खरे ठरले नाही.

विमा आणि मुंबई

आयुर्विमा कंपन्यांच्या बाबतीत देशमुखांनी मध्यममार्ग सोडला. पॉलिसीधारकांच्या पैशाचा काही कंपन्यांनी केलेला गैरवापर इतका गंभीर होता की, केवळ नियमन पुरेसे नाही, या निष्कर्षाला ते आले. तयारी अत्यंत गुप्त ठेवण्यात आली. १९ जानेवारी १९५६ रोजी १५४ भारतीय आणि १६ परदेशी विमा कंपन्या तसेच ७५ भविष्यनिर्वाह संस्था, अशा एकूण २४५ संस्थांचा कारभार सरकारकडे आला. त्याच वर्षी १ सप्टेंबर रोजी आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले. आदल्या वर्षी इंपीरियल बँकेचे रूपांतर भारतीय स्टेट बँकेत झाले होते. अर्थसंकल्पाचे कागद हिंदीतूनही देण्याची प्रथा १९५५-५६ पासून सुरू झाली, तीही त्यांच्याच कार्यकाळात.

याच सुमारास मुंबई पेटली होती. १६ जानेवारीच्या घोषणेनंतर शहरात निदर्शने झाली आणि पोलिसांच्या गोळीबारात अनेकांचे प्राण गेले. संयुक्त महाराष्ट्राच्या संपूर्ण लढ्यात शंभराहून अधिक जण हुतात्मा झाले. मंत्रिपद सोडण्याचा विचार देशमुखांनी तेव्हाच नेहरूंना कळविला होता, पण आग्रहाखातर ते थांबले. जून १९५६ मध्ये मुंबई ५ वर्षे केंद्रशासित राहील, असे पंतप्रधानांनी मुंबईतच जाहीर केले, तेव्हा मात्र त्यांचा निश्चय पक्का झाला. जुलैमध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि त्याची कारणे लोकसभेत मांडली.

त्यांचा आक्षेप मुंबई महाराष्ट्राला न देण्यापुरताच नव्हता. गोळीबाराची न्यायालयीन चौकशी नाकारली गेली आणि एवढा मोठा निर्णय मंत्रिमंडळात रीतसर विचारविनिमय न होता जाहीर झाला, असे त्यांचे म्हणणे होते. नेहरूंनी हा आरोप अमान्य केला. देशमुख आपल्या मतावर ठाम राहिले. संचालकांनी बैठकीत बसून निर्णय घ्यावा आणि त्याची जबाबदारी सामूहिकपणे स्वीकारावी, असा दंडक कंपन्यांना घालून देणाऱ्या मंत्र्याने तोच दंडक मंत्रिमंडळालाही लावला होता. त्याची किंमत त्यांनी स्वतःच्या पदाने चुकती केली. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले, तेव्हा या राजीनाम्याचे मोल सर्वांनी मान्य केले.

मंत्रिपदानंतर

देशमुखांनी उभारलेल्या व्यवस्थेची कसोटी लवकरच लागली. जून १९५७ मध्ये आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंध्रा यांच्या सहा कंपन्यांत सुमारे १ कोटी २४ लाख रुपये गुंतविले. या कंपन्यांची स्थिती संशयास्पद होती. फिरोज गांधी यांनी हे प्रकरण लोकसभेत उपस्थित केले. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्या आयोगाने खुली चौकशी केली आणि १९५८ साली तत्कालीन अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला. खासगी मालकी जाऊन सरकारी मालकी आली, तरी लोकांच्या पैशाचा धोका आपोआप टळत नाही, हे या प्रकरणाने दाखवून दिले.

१९५९ साली देशमुखांनी उच्चपदस्थांविरुद्धच्या भ्रष्टाचाराच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी निष्पक्ष आणि उच्चस्तरीय न्यायाधिकरण स्थापन करावे, अशी जाहीर सूचना केली. सरकारने ती स्वीकारली नाही. पुढे देशात लोकपालाची चर्चा सुरू झाली, तेव्हा या सूचनेची आठवण काढली गेली.

मंत्रिपद सोडल्यानंतर त्यांनी विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्षपद भूषविले. १९६२ ते १९६७ या काळात ते दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. दिल्लीतील इंडिया इंटरनॅशनल सेंटरच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. १९५९ साली त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९६९ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत ते उमेदवार होते आणि तिसऱ्या स्थानावर राहिले. १९७५ साली त्यांना पद्मविभूषण किताब प्रदान करण्यात आला. त्यांच्या इंग्रज पत्नी रोझिना यांचे १९४९ साली निधन झाले होते. १९५३ साली त्यांनी घटना समितीच्या सदस्य राहिलेल्या आणि नियोजन आयोगावर काम करणाऱ्या दुर्गाबाई यांच्याशी विवाह केला. समाजकार्य आणि शिक्षण या क्षेत्रांत या दांपत्याने केलेले कार्य मोठे आहे.

चिटणिसाची नवी जबाबदारी

३ एप्रिल १९७० रोजी मॅनेजिंग एजन्सीची पद्धत देशातून संपुष्टात आली. सचिव व कोषाध्यक्ष पेढ्यांची व्यवस्थाही त्याच दिवशी बंद झाली. एजंट गेले, पण नियमांचे पालन करवून घेणारा जाणकार माणूस कंपनीला हवाच होता. १९५६ च्या मूळ कायद्यात सचिवाचा उल्लेख होता, परंतु त्याची पात्रता आणि नेमणूक यांची सक्ती नव्हती. १९६८ साली कंपनी सचिवांची संस्था स्थापन झाली. १९७४ च्या दुरुस्तीने ठरावीक भांडवलाच्या कंपन्यांना पूर्णवेळ सचिव नेमणे बंधनकारक केले आणि १९८० च्या स्वतंत्र कायद्याने या व्यवसायाला वैधानिक दर्जा दिला. २००० च्या दुरुस्तीने आणखी एक पाऊल टाकले. पूर्णवेळ सचिवाची सक्ती नसलेल्या, परंतु १० लाख रुपये किंवा अधिक भांडवल असलेल्या कंपन्यांनी स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्या कंपनी सचिवाकडून नियमपालनाचे प्रमाणपत्र घ्यावे, अशी ती तरतूद होती.

२०१३ साली नवा कंपनी कायदा आला आणि १९५६ च्या कायद्याची जागा त्याने टप्प्याटप्प्याने घेतली. नव्या कायद्यात ४७० कलमे आहेत. एकट्या व्यक्तीलाही आता कंपनी स्थापन करता येते. खासगी कंपनीची सदस्यमर्यादा ५० वरून २०० झाली आहे. नोंदणी संगणकाद्वारे होते आणि किमान भांडवलाची अट २०१५ साली काढून टाकण्यात आली. नवउद्योजकांपैकी अनेकजण पूर्णवेळ सचिव न नेमता बाहेरच्या व्यावसायिकाकडे हे काम सोपवितात. कंपनीची स्थापना, बैठकांची इतिवृत्ते, वार्षिक विवरणपत्रे आणि संचालकांच्या बदलाच्या नोंदी तो सांभाळतो.

जुन्या एजंट पेढीत आणि आजच्या या व्यावसायिकात मूलभूत फरक आहे. एजंट कंपनी चालवीत असे. सचिव ती चालवीत नाही, ती नियमाने चालते आहे की नाही हे पाहतो. आणखी एक गोष्ट अनेक नव्या संचालकांच्या ध्यानात येत नाही. काम बाहेर सोपविता येते, जबाबदारी सोपविता येत नाही. सलग तीन आर्थिक वर्षे हिशेबपत्रके किंवा वार्षिक विवरणपत्रे सादर झाली नाहीत, तर संचालक अपात्र ठरतात. ते काम आपल्या सल्लागाराकडे होते, हे उत्तर त्यांना वाचवू शकत नाही. २०१७ साली सरकारने निष्क्रिय असलेल्या २ लाखांहून अधिक कंपन्यांची नावे नोंदवहीतून काढली, तेव्हा अनेकांना याचा अनुभव आला.

मराठीत कंपनी सचिवाला चिटणीस असे म्हटले जाते. महाराष्ट्रात उच्च माध्यमिक वाणिज्य शाखेचे विद्यार्थी चिटणिसाची कार्यपद्धती हा विषय शिकतात. हा शब्द शिवकालापासून चालत आलेला आहे. बाळाजी आवजी हे शिवाजी महाराजांचे चिटणीस होते आणि राजपत्रे लिहिण्याचे काम त्यांच्याकडे होते. रायगडाच्या परिसरात जन्मलेल्या देशमुखांनी त्याच नोंदीच्या परंपरेला आधुनिक कायद्याचा आधार दिला, असे म्हटले तर वावगे ठरणार नाही.

महात्मा गांधींचे विचार देशमुखांनी संस्कृत श्लोकांत आणले होते. योगायोग असा की, २ ऑक्टोबर १९८२ रोजी, गांधी जयंतीच्या दिवशीच हैदराबाद येथे त्यांचे निधन झाले. दुर्गाबाईंचे देहावसान त्याआधी वर्षभरापूर्वी झाले होते. त्यांच्या कारकिर्दीत झालेला कायदा आता अभ्यासापुरता उरला आहे. रोहा येथील वाणिज्य महाविद्यालयाला मात्र त्यांचे नाव देण्यात आले असून, भागधारक, संचालक आणि चिटणीस यांची कर्तव्ये कोकणातील विद्यार्थी तेथे आजही शिकत आहेत.